राहीबाईची टाळी

हंबीररावांनी ट्रॅक्टरला ट्रॉली जोडली आणि बायकांना निरोप धाडला की ठेवणीतली लुगडी नेसून या, खंडाळ्याला जायचं आहे, मुंबईचे टीव्हीवाले येणार आहेत.

अठ्ठ्याहत्तर सालचा फेब्रुवारी होता तो. विधानसभेची निवडणूक तोंडावर आलेली. पिंपळखड गाव शिरवळपासून आत, डोंगराच्या अंगाला. वाट बैलगाडीची, आणि मत हंबीररावांचं. ते सांगतील तिथं सगळ्या गावाचा शिक्का पडायचा. सरपंच तेच, सोसायटीचे चेअरमन तेच, आणि लालासाहेबांचे उजवे हातही तेच. लालासाहेब मागच्या निवडणुकीत निवडून आले होते आणि आता पुन्हा उभे होते. त्यांच्यासमोर सयाजी गुरुजी म्हणून एक निवृत्त शाळामास्तर अपक्ष उभे राहिले होते. गुरुजींना गावात फारसं कुणी ओळखत नव्हतं. सायकलवरून फिरतात, एवढीच त्यांची ख्याती.

टीव्हीवाल्यांनी दोन्ही उमेदवारांना एका व्यासपीठावर बसवून मतदारांचे प्रश्न घ्यायचं ठरवलं होतं. सभागृहात बायका दिसल्या पाहिजेत, असं त्यांनी कळवलं होतं. म्हणून ही ट्रॉली.

"आपलं काम एवडंच," हंबीरराव ट्रॉलीच्या फळीला हात लावून म्हणाले, "लालासाहेब बोलून थांबलं की टाळी. दुसरं बोललं की गप. समजलं?"

बायकांनी माना डोलावल्या. राहीबाईनं डोलावली नाही. तिच्या शेजारी बसलेल्या रहिमतबीच्या ते ध्यानात आलं. पण हंबीररावांच्या आलं नाही.

राहीबाई पन्नाशीला टेकलेली, उंचीपुरी बाई. नवरा आकाराम पलटणीतून हवालदार होऊन निवृत्त झालेला. रहिमतबी बांगड्या विकायची, पाच गावांचे बाजार करायची, आणि पिंपळखडला असली की राहीबाईच्या उंबऱ्यावरच तिचा चहा व्हायचा. दोघींचं सख्ख्या बहिणींसारखं होतं.

दोन वर्षांमागं राहीबाईची लेक मनुबाई पहिलटकरीण म्हणून माहेरी आली होती. तिला सांगलीकडं तासगावात दिलेली. गावात सरकारनं बाळंतपणासाठी दवाखान्याच्या दोन खोल्या बांधल्या होत्या, बाहेर ओटा, आत सिमेंटचा हौद, सगळं बेस. पण नर्स कधी आलीच नाही. आणि नर्स नाही म्हणून सोसायटीनं त्या खोल्यांत खताची पोती लावली. मनुबाईच्या पोटात कळ उठली तेव्हा दाराला हंबीररावांचं कुलूप होतं. गाडी जुंपली आणि शिरवळची वाट धरली. खडीच्या चढावर गाडीतच पोर झालं. रडलं नाही. रहिमतबीनं त्याला पदरात धरून पाठीवर थोपटलं, तोंडात फुंकलं, काही झालं नाही. मनुबाई वाचली. सासरी गेली ती पुन्हा माहेराला आली नाही. बोलावलं की म्हणायची, "त्यी वाट माज्यानं बघवत न्हाई आई."

तर राहीबाई त्या दिवशी ट्रॉलीत बसली ती टाळी वाजवायला नव्हे.

खंडाळ्याच्या शाळेचं सभागृह माणसांनी भरलेलं. पुढं दोन खुर्च्या, मागं निळा पडदा, आणि खांबांवर असे दिवे लावलेले की समोर बघवत नव्हतं. एका तिवईवर कॅमेरा. चष्मा लावलेली, आखूड केसांची एक बाई सगळ्यांना हळू आवाजात सांगत फिरत होती, कॅमेऱ्याकडं बघू नका, नेहमीसारखं बसा.

लालासाहेब आले. पांढरंशुभ्र धोतर, करड्या रंगाचं जाकीट, चेहरा नुकताच दाढी करून आल्यासारखा तुळतुळीत. आल्या आल्या त्यांनी कॅमेरेवाल्याला जवळ बोलावलं, कुठं बघायचं ते विचारून घेतलं, आणि मग अगदी शेवटपर्यंत त्या काचेच्या डोळ्यावरून नजर हलवली नाही. गुरुजींना घाम फुटला होता. उपरण्यानं सारखं कपाळ पुसत होते. खुर्चीत नीट बसताही येत नव्हतं त्यांना, एका बाजूला कलल्यासारखे बसले होते.

पहिले प्रश्न ठरवून दिलेले होते. साखर कारखाना कधी, रस्ता कधी, पाटाचं पाणी कधी. विचारणारे हंबीररावांसारखेच गावोगावचे पुढारी. लालासाहेब तयार उत्तरं देत होते. आवाज असा की कान निवावेत. ते थांबले की टाळ्या.

मग चष्म्याची बाई म्हणाली, "महिलांपैकी कुणाला काही विचारायचंय?"

हंबीररावांनी आधी नेमून ठेवलेली बाई उठायच्या आतच राहीबाई उभी राहिली. लाजली नाही, पदर सावरला नाही. माईक हातात आला तसा तिनं तो खुरप्यासारखा घट्ट धरला.

"मी पिंपळखडची राहीबाई. आमच्या गावात बाळंतपणाचा दवाखाना हाय. त्येच्यात तुमच्या सोसायटीचं खत भरलंया. माजी लेक गाडीत बाळंत झाली, पोर गेलं. माजं इचारनं एकच हाय. दवाखान्यात खत का?"

 राहीबाईला स्वतःचा श्वास त्या माईकमधून ऐकू आला.

लालासाहेब हसले. छान, मायेचं हसले, पण कॅमेऱ्याकडं बघून. "आमच्या माताभगिनींचा प्रश्न अतिशय जिव्हाळ्याचा आहे," ते म्हणाले आणि तालुक्यात किती रस्ते झाले, किती विहिरी झाल्या, किती शाळा झाल्या ते सांगत गेले.

"मी रस्त्याचं न्हाई इचारलं," राहीबाई म्हणाली. "दवाखान्याचं इचारलं."

लालासाहेब पुन्हा बोलू लागले. पुन्हा विहिरी. तेवढ्यात गुरुजी खुर्चीत पुरते वळले. कॅमेऱ्याला आता त्यांचा एकच गाल दिसत असणार. त्यांनी राहीबाईकडं नीट पाहिलं.

"बाई, मला हे ठाऊक नव्हतं," ते म्हणाले. "ठाऊक असायला पाहिजे होतं. मी येतो आणि बघतो. निवडून येवो, न येवो, येतो." मग लालासाहेबांकडं वळून म्हणाले, "साहेब, बाईंनी साधं विचारलंय. खत का?"

लालासाहेबांनी पाण्याचा पेला उचलला. प्याले. ठेवला. पुन्हा उचलला. काही बोलले नाहीत.  दिवे तेवढे घुं घुं करत होते.

आणि राहीबाईनं गुरुजींकडं बघून टाळी वाजवली. एकटीनं. माईक काखेत धरून दोन्ही हातांनी वाजवली. मागून रहिमतबीनं वाजवली, मग आणखी कुणी कुणी. हंबीररावांनी मागं वळून पाहिलं तशी बाकीच्यांची विरली.

 परतताना गावाच्या वेशीपाशी हंबीररावांनी ट्रॅक्टर थांबवायला लावला.

"राहीवैनी, तुला न्हेली कशाला हुती?"

"मला न्हेली हुती टाळी वाजवाया," राहीबाई म्हणाली. "वाजिवली की."

"ही सगळं मुंबईत दिसनार हाय. गावाची अब्रू घालवलीस."

"दिसू द्या आबा. त्येच्यासाटीच बोलले."

घरी आकाराम बाजेवर बसला होता. ती वेशीपासून चालत येईतो हंबीरराव दारात येऊन बोलून गेले होते.  "हंबीरराव म्हनतुया, सोसायटीत तुमचं काम पडंल तवा बघू," तो म्हणाला.

"मग तुमी काय म्हनला?"

"म्हनलं, माजी पेन्शन दिल्लीवरनं येती. तुज्या खिशातनं न्हाई."

राहीबाई चुलीकडं वळली. तिला रडू आलं आणि हसूही आलं. लग्नाला तीस वर्षं होऊन गेली होती, हा माणूस तिच्या बाजूनं एवढं कधी बोलला नव्हता.

गावात एकच टीव्ही होता, हंबीररावांचा. माडीवर लोखंडी नळाच्या टोकाला अँटिना, तोंड सिंहगडावरच्या टीव्हीच्या मनोऱ्याकडं. वारा सुटला की चित्रात मुंग्या पडायच्या आणि मग हंबीररावांचा सालगडी वर चढून नळ फिरवायचा. कार्यक्रम दाखवायच्या दिवशी हंबीररावांनी टीव्ही ओसरीवर आणून टेबलावर ठेवला. अंगणात सारं गाव बसलं. वाड्यावस्त्यांवरचीही माणसं आली. पुरुष पुढं, बायका मागं जात्याच्या बाजूला.

राहीबाई येऊन बसली तेव्हा बायकांनी तिला जागा करून दिली.  आपण जे बोललो ते आता ह्या पेटीतून सगळ्यांना ऐकू जाणार, मुंबईला, पुण्याला, कुठं कुठं. मनुबाईच्या पोराचं कुणी नावसुद्धा ठेवलं नव्हतं. पण ते होतं, हे तरी आज सगळ्यांना कळेल.

कार्यक्रम सुरू झाला. लालासाहेब दिसले आणि अंगणात एक कौतुकाचा हुंकार उठला. काय दिसत होते! खंडाळ्यात त्या उजेडात ते तसे मेणाचे वाटले होते. इथं पेटीत मात्र घरात येऊन बसल्यासारखे. आणि बोलताना प्रत्येकाच्या डोळ्यांत बघत होते.

"बगा की, माज्याकडंच बगत्यात," पुढून एक म्हातारा म्हणाला.

"माज्याकडं पन," दुसरा म्हणाला.

मग गुरुजी दिसले. घामेजलेले, उपरण्यानं तोंड पुसणारे. बोलताना भलतीकडंच बघत होते, कुठंतरी खाली, बाजूला. वाक्य सुरू झालं, अर्ध्यातच तुटलं, की पुन्हा लालासाहेब.

"ह्यो कुनाकडं बगतुया रं?"

"चोरावानी बगतुया. समोर बगाय काय झालं?"

"मत मागतुया आन त्वांड लपवतुया."

अंगण हसलं. राहीबाई मात्र बसल्या जागी ताठ झाली. तिला कळलं होतं गुरुजी कुणाकडं बघत होते ते. तिच्याकडं. ते वळून तिच्याकडं बघत होते आणि ती मात्र त्या चित्रात कुठंच नव्हती.

ती वाट बघत राहिली. आता येईल, आता येईल. साखर कारखाना झाला, रस्ता झाला, पाटाचं पाणी झालं. लालासाहेब विहिरींचं सांगू लागले, ते तिच्याच प्रश्नावरचं उत्तर होतं, पण प्रश्न काही आला नाही. विहिरींचं बोलणं संपलं आणि पडद्यावर एकदम राहीबाईचा चेहरा आला. मोठा, ठसठशीत, कपाळावरचं कुंकू दिसण्याइतका. आणि ती टाळी वाजवत होती.

"राहीबाई! आवं राहीबाई दिसली!"

अंगणात नुसता गलका झाला. पोरं उभी राहिली. हंबीरराव मांडीवर थाप मारून हसले. "बगा! राहीवैनीनं बी टाळी दिली शेवटाला. लालासाहेबाचं बोलनंच तसं हाय."

राहीबाई उठली. रहिमतबीनं तिचा हात धरला होता, तो तिनं हलकेच सोडवला. बायकांमधून, मग पुरुषांमधून, कुणाचा गुडघा ओलांडून, कुणाच्या पटक्याला लागून ती ओसरीपर्यंत गेली आणि टीव्हीपुढं उभी राहिली. पाठ टीव्हीकडं, तोंड गावाकडं. लालासाहेबांचा आवाज तिच्या मागून चालूच होता.

"वैनी, बाजूला सरा, दिसंना झालंय," कुणीतरी ओरडलं.

"दिसायचं ती समदं दिसलं," ती म्हणाली. "आता माजं ऐका. ती टाळी माजी हाय. पर त्या मानसाला न्हाई. मी इचारलं हुतं दवाखान्यात खत का म्हनून. हितं ऐकलं का कुनी? न्हाई. त्यी कापलंया. लालासाहेबानं तोंडातनं एक शबूद काडला न्हाई. पानी पीत बसला. ह्यो गुरुजी, ज्येला तुमी चोर म्हनता, त्यो माज्याकडं बगून बोलला. मानूस ज्येच्याशी बोलतुया त्येच्याकडं बगतुया. लालासाहेब बगत हुता त्या काचंकडं. तुमाला वाटतंय तुमच्याकडं बगतुया. तुमी हुता का तितं? मी हुते. माज्याकडं त्येनं एक डाव बी बगितलं न्हाई."

"बास झालं," हंबीरराव उठले. "टीव्ही सरकारचा हाय. त्यो का खोटं दाखवील? का तू मुंबईच्या मानसांपरीस शानी झालीस?"

"माजी टाळी मला ठावं हाय आबा. तिला मुंबई कशाला पायजे?"

"पुरावा काय?"

मागं जात्यापाशी रहिमतबी उभी राहिली. काकणांचा आवाज झाला. "मी हाय की पुरावा," ती म्हणाली. "बाजूलाच हुते. मी बी टाळी वाजिवली. आन त्या पोराला पदरात मी धरलं हुतं, त्येचा पुरावा पायजे आसंल तर त्यो बी मीच हाय."

हंबीररावांनी हात लांब करून टीव्हीचं बटण पिरगाळलं. लालासाहेब एका ठिपक्यात गोळा झाले आणि विझले. अंगणात नुसत्या कंदिलाचा उजेड राहिला. माणसं एकेक करून उठली. कुणी राहीबाईच्या बाजूनं बोललं नाही. पण हसलंही नाही.

दुसऱ्या दिवसापासून राहीबाईनं तोंड बंद ठेवलं नाही. पाणवठ्यावर, दळणाला, भांगलणीच्या पातीवर, जिथं चार बायका भेटतील तिथं ती तेच सांगायची. रहिमतबी बाजारात कुणाच्या हातात बांगड्या भरायला घ्यायची. हात तिच्या हातात अडकलेला, बाई उठून जाणार कुठं? तेवढ्यात ती सगळं सांगून मोकळी व्हायची.

पण माणसांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. "तुजं खरं आसंल राहीआक्का," एक बाई म्हणाली, "पर साहेब बोलतात लय ग्वाड. मन भरून येतं. गुरुजीकडं बगून काय वाटतच न्हाई."

राहीबाईला राग आला. रागापेक्षाही आश्चर्य वाटलं. हीच बाई मनुबाईच्या गाडीमागं अनवाणी धावत आली होती. आणि तिलाही तो पेटीतला चेहरा पुसता येत नव्हता.

त्या संध्याकाळी नदीच्या वाटेवर हरणाबाई भेटली. हंबीररावांची कारभारीण. ती एकटी कधी घराबाहेर पडायची नाही. इकडंतिकडं बघून तिनं राहीबाईला हाक मारली.

"खरंच लालासाहेबांनी कायबी जवाब दिला न्हाई?"

"न्हाई."

"पानी पीत बसले?"

"व्हय."

हरणाबाईनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला. मग म्हणाली, "आमच्या सुनंला सातवा हाय. मी ह्यास्नी म्हनलं, पोती काडा. म्हनालं, तिला पुन्याला न्हिऊ. पुन्याला! आन बाकीच्या पोरींनी कुटं जायाचं?" तिनं कनवटीला हात घातला आणि एक किल्ली राहीबाईच्या हातावर ठेवली. "मी दिली म्हनून सांगू नगस. न्हाईतर सांग. माजं आता काय व्हायचं ऱ्हायलंय?"

सकाळी राहीबाई दवाखान्याच्या ओट्यावर जाऊन उभी राहिली. कुणाला बोलावलं नाही. कुलूप काढलं, दार ढकललं. आतून खताचा उग्र वास आला, डोळे चुरचुरले. तिनं पहिलं पोतं कडेला ओढलं, पण पाठीवर घेणं एकटीला झेपेना. रहिमतबी आली. दोघींनी दोन बाजूंनी धरलं. तिसऱ्या पोत्याला आकाराम आला. डोक्यावरची टोपी काढून त्यानं खिशात घातली आणि खांदा दिला. मग साहेब लय ग्वाड बोलतात म्हणणारी कालची बाई आली, लाजत. मग आणखी बायका. शेतावर निघालेल्या, भाकरीची टोपली ओट्यावर ठेवून हात लावणाऱ्या. दुपारपर्यंत खोल्या रिकाम्या झाल्या आणि सगळी पोती हंबीररावांच्या अंगणात, जिथं गाव टीव्ही बघायला बसलं होतं तिथंच, एकावर एक रचून उभी राहिली.

हंबीरराव त्या दिवशी लालासाहेबांना आणायला शिरवळला गेले होते. पिंपळखडला प्रचारसभा होती. तिसऱ्या प्रहरी जीप आली, हार तयार होते, ढोल वाजायला लागले, आणि लालासाहेब उतरून अंगणात बघतात तर पोत्यांची भिंत. तिच्यापुढं बायका बसलेल्या, अंगावर पांढरी खताची पूड.

हंबीररावांचा चेहरा काळवंडला. "कुनी केलं ह्ये?"

"आमी," राहीबाई म्हणाली. उठली नाही.

लालासाहेब पुढं झाले. इथं दिवे नव्हते, काचेचा डोळा नव्हता. ते बोलायला लागले, माता, भगिनी, विकास, आणि बोलता बोलता नजर कुठं ठेवावी ते त्यांना कळेना. जीपकडं बघितलं, ढोलवाल्यांकडं बघितलं, वरच्या अँटिनाकडंही एकदा बघितलं. बायका सगळ्या त्यांच्याकडं बघत होत्या. कुणी कुणाला कोपर मारलं नाही, कुणी हसलं नाही, नुसतं बघत होत्या.

"वहिनी," ते शेवटी राहीबाईच्या पायांकडं बघत म्हणाले, "निवडणूक होऊ द्या. मग लगेच तुमच्या दवाखान्याचं बघू."

"लगीच कशाला? निवडनूक पाच वर्सांनी येतीच की," राहीबाई म्हणाली. "पोरं तेवडी थांबत्यात का बगा."

साहेब लय ग्वाड बोलतात म्हणणाऱ्या त्या बाईनं हसू लपवायला तोंडाला पदर लावला. सभा झाली, पण लालासाहेबांचा आवाज त्या दिवशी बसल्यासारखा होता. ढोलवाल्यांनी लवकर आवरतं घेतलं.

मतदानाच्या दिवशी हंबीररावांची माणसं शाळेच्या दारात उभी होती. प्रत्येकाला हाताला धरून सांगत होती, शिक्का कुठं मारायचा. राहीबाई त्यांच्यापुढून गेली. "वैनी, आपलं ठरल्यालं हाय न्हवं?" एकानं विचारलं.

"माजं ठरल्यालं हाय," ती म्हणाली. "तुमचं तुमी ठरवा."

लालासाहेब निवडून आले. दणक्यात आले. तालुक्यात गावोगाव लोकांनी टीव्ही पाहिला होता, आणि गुरुजींचं डिपॉझिट जेमतेम वाचलं. निकालाच्या दिवशी पिंपळखडात गुलाल उधळला. हंबीररावांनी राहीबाईच्या दारापुढं मुद्दाम ढोल थांबवला आणि खूप वेळ वाजवायला लावला. राहीबाई दारात येऊन उभी राहिली, दोन्ही हात कमरेवर. ढोलवाले दमले तेव्हा ती म्हणाली, "पानी पायजे का रं पोरानू?" ढोलवाल्यांनी पाणी घेतलं. हंबीररावांनी घेतलं नाही.

पण पोती परत आत गेली नाहीत. दवाखान्याला आता राहीबाईचं कुलूप होतं आणि किल्ली रहिमतबीकडं असायची, म्हणजे पाच बाजारांत कुठंही. हंबीररावांनी एकदा गडी पाठवले. ओट्यावर बायका सूप घेऊन ज्वारी पाखडत बसल्या होत्या. गडी थोडा वेळ उभे राहिले, मग परत गेले. त्यांच्यातल्या एकाची बायको त्या ओट्यावर होती.

उन्हं तापू लागली तेव्हा सयाजी गुरुजी सायकलवरून आले. कुणी बोलावलं नव्हतं. घाम तसाच, उपरणंही तेच. त्यांनी दोन्ही खोल्या फिरून पाहिल्या, हौदात वाकून पाहिलं, भिंतीवर बोट फिरवून खताची पूड बघितली. मग ओट्यावर बसून अर्ज लिहिला. बायकांनी अंगठे केले. राहीबाईनंही केला, आणि बोटाची शाई पदराला न पुसता तशीच ठेवली. तो अर्ज घेऊन ती आणि रहिमतबी साताऱ्याला गेल्या. परत पाठवल्या. पुन्हा गेल्या. पुन्हा. साहेब जागेवर नाहीत म्हटलं की दोघी बाकावर बसून भाकरी सोडायच्या आणि साहेब येईपर्यंत बसायच्या. शिपाई त्यांना लांबून बघूनच म्हणायला लागला, "आली पिंपळखडची पलटण."

गुरुजी एकदा म्हणाले, "बाई, मी हरलो. माझ्या नावावर तिथं काही होणार नाही."

"तुमच्या नावावर कोन मागतंय?" राहीबाई म्हणाली. "आमच्या नावावर मागतोय आमी."

मृगाच्या आधी, एके दिवशी एस.टी.नं फाट्यावर एक बाई उतरवली. तरुण, पांढरं पातळ, हातात पत्र्याची ट्रंक. ती नर्स होती. कुणाच्या सांगण्यावरून आली ते शेवटपर्यंत कळलं नाही. हंबीरराव म्हणायचे लालासाहेबांनी शब्द टाकला, आणि तसा फलकही त्यांनी रंगवून आणला. रहिमतबी म्हणायची, त्या शिपायाला आमचा कंटाळा आला.

राहीबाई फाट्याजवळच्या रानात पेरणीची पाभर धरायला गेली होती. नर्सला एकटी उभी बघून बांधावरून खाली आली.

"पिंपळखडला जायचंय," नर्स म्हणाली. "इथं लालासाहेबांचा माणूस कोण आहे? ऑफिसात सांगितलं, त्यांना भेटल्याशिवाय गावात कुणी राहू देत नाही."

राहीबाईनं चुंबळ केली, ट्रंक उचलून डोक्यावर घेतली आणि वाटेला लागली.

"ऱ्हाऊ देतात," ती म्हणाली. "चला माज्या मागनं. वाट खडीची हाय, पाय जपून टाका."